फळीवर कोणी बसायचं नाही

"मामा, ही फळी किती लांब असेल?" चांगदेवने विचारले आणि पडवीतल्या झोपाळ्यावर बोटाने टकटक केले.

"हात काढ," अंबाजी म्हणाला.

"मी फक्त बघत होतो..."

"हात काढ आधी. मंग बोल."

चांगदेवने हात काढला. तो अंबाजीच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. मुंबईत फिल्म धुण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. दुसऱ्यांची फिल्म धुता धुता त्याला स्वतःचे सिनेमाचे चित्र काढायची हुक्की आली. उरलेसुरले फिल्मचे तुकडे जमवून आणि कुणाचा तरी किल्लीचा कॅमेरा उसना घेऊन तो मे महिन्याच्या शेवटी थळला मामाकडे येऊन उतरला. बरोबर दयाराम नावाचा कॅमेरावाला होता, जो एरवी लग्नाचे फोटो काढायचा. आणि कोकिळाबाई म्हणून नाटकातली एक नटी होती. ती पायाला वाळू लागली की "ईऽऽ" करायची, आणि चित्रात तिला कोळीण व्हायचे होते.

दर्यावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या कोळणीचे ते चित्र होते. सगळे काढून झाले होते, फक्त शेवट राहिला होता. कोळीण बंदराच्या उतारावरून पाण्याकडे चालत जाते आणि कॅमेरा तिच्या मागोमाग सरकत जातो, असा तो शेवट. उसना कॅमेरा दुसऱ्या दिवशी सकाळी रेवसच्या लाँचने परत जायचा होता. त्यानंतर दर्या खवळला की लाँचही बंद.

"सरकायला काय झालं? हातात धरून चाल की," अंबाजी म्हणाला.

"हलतो मामा. बघणाऱ्याला बोट लागल्यासारखं मळमळतं. त्यासाठी ट्रॉली लागते, रुळांवरून चालणारी. स्टुडिओत असते. आपण इथं बनवायची."

"बनव. त्यात माझा झोपाळा कुठं आला?"

चांगदेवने लांबूनच, हवेतल्या हवेत फळी वितीने मोजली.

अंबाजीची बायको गोदू दिवाळीनंतर गेली होती. त्याआधी सगळा जन्म ती दोघे दुपारची त्या झोपाळ्यावर बसत. तो दाराकडच्या बाजूला, ती समुद्राकडच्या. पान लावले की ती चुन्याचे बोट फळीच्या कडेला खालून पुसायची आणि तो ओरडायचा, "अगो, फळी खराब करतीस." आता तिथे वाळलेल्या चुन्याचा जाड थर होता आणि त्याला कुणी हात लावलेला अंबाजीला खपत नव्हते. फळीवर तो कुणाला बसू देत नव्हता. स्वतःही बसत नव्हता. खरे तर तो कुठेच बसत नव्हता. पडवीतून विहिरीवर, विहिरीवरून वाडीत, वाडीतून परत पडवीत, असा दिवसभर त्याच्या पायाला भोवरा. जेवतानासुद्धा मध्येच उठायचा, दाराशी जाऊन यायचा आणि कशाला गेलो होतो ते आठवता आठवता भात गार करायचा. झोपाळ्याजवळून जाताना मात्र फळीला हाताने एक हलका झोका द्यायचा. झोपाळा रिकामाच हलत राहायचा.

गावातले लोक ते बघायचे आणि गप्प राहायचे. फक्त शेजारची आवडाबाई बोलायची, कारण गप्प राहणे तिला जमत नसे. "रिकामा झोपाळा हलवू नये रं अंबाजी," ती कुंपणावरून सांगायची. अंबाजी तिच्या देखत आणखी एक झोका द्यायचा.

"फळी सोडून काय पायजे ते ने," त्या दिवशी तो भाच्याला म्हणाला. आणि चांगदेवने खरोखरच काय पायजे ते नेले.

वाडीत पन्हळीसाठी तोडून ठेवलेले पोफळीचे लांबलचक सरळ सोट होते. ते झाले रूळ. गोल सोटावर चालायला खोबणीची चाके हवी होती, म्हणून विहिरीच्या कप्प्या काढल्या. अंबाजीच्या विहिरीवर दोनच होत्या. उरलेल्या दोन आवडाबाईच्या विहिरीवरून काढल्या. आवडाबाई अलिबागेला बाजाराला गेली होती.

"तिला विचारलंस?" अंबाजीने विचारले.

"ती यायच्या आत परत बसवतो मामा."

"तू तिला वळखत न्हायस," अंबाजी म्हणाला. पण पन्हळ नको, कप्पी नको, असे किती वेळा म्हणणार?

आता वर ठेवायला सपाट काहीतरी हवे होते. आधी मागचे दार चौकटीतून उतरवले. ते इतके रुंद निघाले की दोन्ही सोटांच्या बाहेर लोंबू लागले, आणि दार निघाल्यामुळे कोंबड्या स्वयंपाकघरात शिरल्या त्या वेगळ्या. मग देवळातले बाकडे आणले. त्याचा एक पाय आखूड होता. दयाराम त्यावर चढला आणि बाकड्यासकट खाली आला. शेवटी सुंभाची बाज आणली. तिच्यावर कॅमेरा ठेवल्याबरोबर तो आजारी माणसासारखा मधल्या खोलगटात रुतून बसला.

"अरे भाई," दयाराम कंबर चोळत म्हणाला, "उजेड चालला. संध्याकाळी मी काय घेऊ, काळोख?"

चांगदेव पडवीच्या पायरीवर डोके धरून बसला. झोपाळ्याकडे त्याने मुद्दाम पाठ केली होती. अंबाजी त्याच्याभोवती फेऱ्या मारू लागला. एकदा विहिरीवर जाऊन आला. तिथे कप्पी नसल्यामुळे करण्यासारखे काही नव्हते. एकदा कोंबड्या हाकलून आला. गोदू असती तर तिने सकाळीच फळी काढून दिली असती, वर सगळ्यांना चहा दिला असता, आणि रात्री झोपाळा नाही म्हणून त्याच्यावरच करवादली असती. हे त्याला पक्के ठाऊक होते. ठाऊक असल्याचाच त्रास होता.

त्याने खुर्ची ओढली, वर चढला आणि स्वतःच्या हाताने साखळ्या सोडवल्या.

"दोन गोष्टी ऐक," तो म्हणाला. "दिवेलागणीला फळी परत साखळीला पायजे. आणि फळीवर कोणी बसायचं न्हाय."

"मामा, कॅमेरावाला ट्रॉलीवरच बसतो."

"चालत जाईल."

"चालत?" दयाराम म्हणाला. "मग ट्रॉली कशाला बनवली?"

"कॅमेऱ्याला. कॅमेरा बसंल. तू न्हाय."

आणि खिळा मारायचा नाही, हेही त्याने मागाहून घातले. म्हणून कप्प्यांचे आस दोन आडव्या वाशांना बसवले आणि वासे सुंभाने फळीला बांधले. कॅमेऱ्याची तिकाटी फळीच्या कड्यांना आवळली. बांधताना अंबाजी दर गाठीला म्हणत होता, "कडंला हात लावू नको. ती कड न्हाय, ही कड." दयारामने चांगदेवला हळूच विचारले, "फळीखाली सोनं लपवलंय काय?"

ट्रॉली बंदरावर पोचली तेव्हा ऊन कलले होते. ती उतारावर धरून ठेवायला माणसे हवी होती. मोरू तांडेल आणि त्याचे खलाशी तिथे जाळी सांधत बसले होते, तेच आले. मोरू म्हणजे थळच्या बंदरातला मोठा आवाज. त्याने ट्रॉलीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितले, कप्पी हाताने फिरवली आणि विचारले, "नवा गाडा?"

"नवा," चांगदेव म्हणाला.

"मंग नारळ कुठं हाय?"

नवे काहीही पाण्याच्या दिशेने जाणार म्हणजे नारळ हवाच. चांगदेवला वेळ घालवायचा नव्हता, पण खलाशी हलेनात. नारळ फुटला, फळीला हळदकुंकू लागले. तोवर एका खलाशाने, कुणी न सांगता, पोफळीच्या सोटांना मुशी माशाचे तेल चोपडले. होडी पाण्यात लोटताना खालच्या ओंडक्यांना लावतात तसे, चांगले हात भरभरून. थोडे फळीलाही लागले.

"हे काय केलंत?" कोकिळाबाई नाकाला पदर लावून म्हणाली.

"सरकंल झ्याक," खलाशी म्हणाला.

मासे सुकवायच्या ओट्यावरची मांजरे उठून बसली.

ट्रॉली वर चढवताना आणखी एक गोष्ट कळली. या माणसांना ओढायचे म्हणजे होडीसारखेच ओढता येत होते. मोरू ओरडे, "हैऽऽस्सा!" आणि सगळे एक हिसका देत, मग श्वास घेत, मग पुन्हा हिसका. प्रत्येक हिसक्याला वरचा कॅमेरा मान डोलावत होता.

"न ओरडता ओढा ना, सावकाश!" चांगदेव म्हणाला.

त्यांनी न ओरडता ओढून बघितले. एकाने आता ओढले, दुसऱ्याने मग, तिसरा वाट बघत उभाच राहिला. ट्रॉली वाकडी झाली.

"असू दे, असू दे," दयाराम म्हणाला. "चढताना फिल्म नाही घ्यायची. उतरताना दोर हळूहळू सोडा. बस."

"सोडायचं आमाला शिकवू नको," मोरू म्हणाला. "बापजाद्यांपासून सोडतोय."

अर्ध्या उतारापर्यंत एकदा सोडून बघितले. ट्रॉली लोण्यावरून चालल्यासारखी सरकली. चांगदेवच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने पुन्हा वर घ्यायला सांगितले, कॅमेऱ्याला पूर्ण किल्ली दिली आणि ओरडला, "चला, कोकिळाबाई!"

कोकिळाबाई लुगडे सावरत उतारावरून पाण्याकडे चालू लागली. मागून ट्रॉली निघाली. तिच्या बाजूने दयाराम वाकून, एक डोळा कॅमेऱ्याला लावून, खेकड्यासारखा आडवा चालत होता. दुसऱ्या बाजूने अंबाजी फळीवर नजर ठेवून चालत होता. वर खलाशी दोर सोडत होते. कॅमेरा किर्रर्र आवाज करत चालला होता. कोकिळाबाईसुद्धा वाळू विसरली.

आणि वरच्या बाजूने आवाज आला, "माझ्या कप्प्या कुठं हायती?"

आवडाबाई बाजारातून आली होती. काखेत घागर, खांद्यावर विहिरीचा दोर. "घरात पाण्याचा टिपूस न्हाय आन् माझ्या कप्प्यांवर गाडे फिरवतायत मेले!"

"शूऽऽ!" चांगदेव दोन्ही हात हलवत म्हणाला.

"शू कुणाला करतोस? मी काय कोंबडी हाय?" असे म्हणून ती उतारावरून थेट कप्प्यांच्या मागे निघाली. तिच्या मागून तेलाच्या वासाने मांजरे निघाली. आधी दोन-तीन, मग ओटाच्या ओटा.

तरीही कॅमेऱ्याचे तोंड पुढे होते. पुढे फक्त कोळीण आणि दर्या. सगळे निभावले असते. पण ट्रॉली ओल्या वाळूला लागली.

होडी ओल्या वाळूला लागली की तांडेलाने देवीचे नाव घ्यायचे आणि सगळ्यांनी दोर एकदम सोडायचा, नाहीतर होडी आडवी होते. हे मोरूच्या अंगात इतके मुरलेले होते की त्याने विचार केलाच नाही.

"एकवीरा आयचा, उदो उदो!" तो गरजला.

सगळ्यांनी दोर सोडला आणि हात जोडले.

ट्रॉली सुटली. दयारामने कॅमेऱ्याची मूठ घट्ट धरली, चार पावले फरफटत गेला आणि पडला. पडताना त्याच्या हाताने कॅमेऱ्याला गिरकी बसली आणि कॅमेरा तोंड मागे करून बसला. अंबाजी पळत होता. फळी, त्याची फळी, पाण्याकडे चालली होती. त्याने हात टाकून मागची कडी पकडली, पाय रोवले, पाय तेलावरून सटकले, आणि दुसरे काहीच सुचेना तेव्हा त्याने उडी मारली आणि फळीवर बसला.

"मामा, मधी!" चांगदेव ओरडत होता. "मधी!"

ते अंबाजीला ऐकू आले नाही. ट्रॉली पाण्यात शिरली, एका अंगाला कलली आणि उलटली. कोकिळाबाईने वळून बघितले, ओरडली आणि तशीच गुडघाभर पाण्यात घुसून तिने पडता कॅमेरा तिकाटीसकट छातीशी धरला. दिवसभर पाय ओला न करणारी बाई पाण्यात उभी राहून म्हणत होती, "अहो घ्या ना कुणीतरी, चालूच आहे हे!"

"कॅमेरा!" चांगदेव ओरडला.

"फळी!" अंबाजी ओरडला.

दोघे दोन दिशांना धावले. सुंभ सुटून फळी मोकळी झाली होती आणि ओहोटीबरोबर आत चालली होती. अंबाजी छातीभर पाण्यात गेला, मग गळ्यापर्यंत गेला. जन्म समुद्राकाठी गेला होता, पण वाडी शिंपणाऱ्या माणसाचा संबंध विहिरीशी. पोहता येत नव्हते. तरी तो पुढेच चालला. शेवटी मोरूने उडी टाकली. एका हाताने अंबाजीची मानगूट आणि दुसऱ्या हाताने फळी धरून त्याने दोघांना काठावर आणले.

अंबाजीने खोकायच्याही आधी फळी उलटी केली आणि कडेखाली हात फिरवला. चुना जागच्या जागी होता. दगडासारखा.

"माझ्या कप्प्या बघा आधी," आवडाबाई म्हणाली. मांजरे सोट चाटत होती.

दिवेलागणीला फळी साखळीला लागली. कॅमेरा पुसून, फुंकून सकाळच्या लाँचने गेला. कोंबड्या मात्र पुढे दोन दिवस स्वयंपाकघरातून निघेनात.

त्यानंतर पावसाळाभर अंबाजी आणि मोरू एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणजे एकाच गोष्टीवर बोलले.

"तुझ्या उदो उदोनं गाडा उलटला," अंबाजी म्हणायचा.

"सुटला माझ्यानं, कबूल," मोरू म्हणायचा. "पण उलटला कशानं? पाणी गुडघ्याएवढंच होतं. माझ्या जन्मात मी असं उलटलेलं बघितलं न्हाय."

"रूळ वाकडे होते."

"रूळ तुझ्या वाडीचे."

इथे अंबाजी उठून जायचा. त्याच्या पायाचा भोवरा तसाच होता. फळीला मुशीच्या तेलाचा वास राहिला होता, त्यामुळे फेऱ्यांत मांजरे हाकलायचे एक काम वाढले होते. आवडाबाईची एक कप्पी खारी वाळू जाऊन केकाटायची, आणि पाणी काढताना ती मुद्दाम जोरात ओढायची.

मार्गशीर्षात चौलच्या दत्ताच्या जत्रेला तंबूतला सिनेमा आला. चांगदेवने तंबूवाल्याच्या हातापाया पडून मोठ्या खेळाआधी आपले छोटे चित्र दाखवायला लावले. सगळे थळ लोटले. मोरू खलाशांना घेऊन पुढे बसला. आवडाबाई बायकांत बसली. अंबाजी बसला नाही. तो तंबूच्या पुढच्या खांबाशी, कधी या पायावर, कधी त्या पायावर उभा होता.

चित्र चांगले होते. कोळीण जाळी झटकत होती, दर्याकडे बघत होती. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेवट आला. कोकिळाबाई उतारावरून पाण्याकडे चालली, आणि पडदा तिच्यामागून असा सरकत गेला की तंबूत श्वास ऐकू यावा.

मग पडदा गरकन फिरला. आभाळ दिसले, दयारामचा हात दिसला, आणि कोळणीच्या जागी पडदाभर अंबाजी बसलेला दिसला. डोळे वटारलेले, धोतर उडालेले, कडी दोन्ही हातांनी धरलेली. त्याच्यामागून घागर घेऊन आवडाबाई धावत होती. तिच्यामागून मांजरे. सगळ्यात मागे खलाशी, हात जोडून.

हसण्याने तंबू कोसळायचा बाकी राहिला. चांगदेवने तोंड झाकले. तो तुकडा कापायचे त्याच्या जिवावर आले होते, कारण जमवलेल्या फिल्ममधली एक वीतसुद्धा त्याला टाकवत नव्हती. लोकांनी शिट्ट्या मारल्या, तंबूवाल्याने फिल्म थांबवली आणि शेवट पुन्हा लावला.

दुसऱ्यांदा लोक नीट बघू लागले. मोरू उठून उभा राहिला. "थांबवा!" तो पडद्याकडे बोट करून गरजला. "बघा! बघा, कुठं बसलाय! पार कडंला! अरं अंबाजी, एवढी मोकळी फळी शेजारी सोडून कडंला बूड टेकवलंस! गाडा उलटंल न्हाय तर काय व्हईल? मधी सरकायला काय झालं व्हतं?"

हसू पुन्हा उसळले. "सरक, अंबाजी, सरक!" मागून कोणी ओरडले.

अंबाजी पडद्याकडे बघत होता. पडद्यावरचा अंबाजी जीव मुठीत धरून दाराकडच्या बाजूला बसला होता आणि समुद्राकडची, चुन्याच्या बाजूची अर्धी फळी रिकामी पाण्यात चालली होती.

बायकांतून आवडाबाई उठली. "गप र्‍हावा रं!" ती म्हणाली. "तो सरकंल कसा? ती गोदूची बाजू हाय."

तंबूत मागचे इंजिन तेवढे ऐकू येत राहिले. मोरू खाली बसला. थोड्या वेळाने त्याने खांबापर्यंत हात लांबवून अंबाजीचा हात धरला आणि त्याला ओढून शेजारी बसवले. या खेपेला हिसका न देता. अंबाजी बसला, आणि मोठा खेळ सुरू झाला तरी उठला नाही.

सकाळी चांगदेव पडवीत आला तेव्हा अंबाजी झोपाळ्यावर बसला होता, दाराकडच्या बाजूला. पायाने झोका घेत होता. दुसऱ्या बाजूला एक मांजर चढू बघत होते, त्याला हातातल्या पंच्याने हाकलत होता.

"मामा," चांगदेव पायरीवरूनच म्हणाला, "तंबूवाला म्हणतोय, दुसरं चित्र काढ. पुन्हा ट्रॉली लागेल. मी फळीचं विचारत नाही. आपलं सांगितलं."

अंबाजीने दोन झोके घेतले.

"ने," तो म्हणाला. "आन् त्या दयारामला आडवा चालवू नको. बसू दे फळीवर."

"बसू दे?"

"बसू दे. माझ्या बाजूला."